अंधार, बॅटरी आणि चेहरा

फोटोला मराठीत दोन नावे आहेत, छायाचित्र आणि प्रकाशचित्र. एकाच कागदाला कोणी सावलीचे चित्र म्हटले, कोणी उजेडाचे, आणि दोन्ही नावे टिकली. क्रियापद मात्र एकच आहे. फोटो आपण 'काढतो', तसेच चित्रही काढतो आणि दिवाळीत दारासमोर रांगोळीही काढतो. आजच्या फोटोत काढण्यासारखे फारसे उरलेले नाही. बोट टेकवले की सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्यात काम होते. या लेखात ज्या पद्धतीविषयी सांगायचे आहे, तिला हे क्रियापद शब्दशः लागू पडते. खोली पूर्ण अंधारी करायची, कॅमेऱ्याचा पडदा अर्धा मिनिट किंवा त्याहून जास्त वेळ उघडा ठेवायचा आणि तेवढ्या वेळात हातातली बॅटरी समोर बसलेल्या माणसावरून कुंचल्यासारखी फिरवायची. जिथे उजेड लागेल तेवढेच चित्रात उमटते. या पद्धतीला 'लाइट पेंटिंग' हे इंग्रजी नाव सगळीकडे रूढ आहे. बॅटरी हा शब्द मी आमच्याकडच्या अर्थाने वापरतो आहे. पारोळ्यात टॉर्चला बॅटरीच म्हणतात.

या पद्धतीने मी पारोळ्यात आणि आसपासच्या खेड्यांत माणसांचे फोटो काढतो, मुख्यतः वृद्धांचे. त्यामागचे कारण साधे आहे. आमच्याकडच्या अनेक घरांत आजीचा किंवा आजोबांचा एकट्याचा असा फोटो एकच असतो आणि तो आधार कार्डावरचा असतो. समोरून पडलेला पांढरा उजेड, मागे पांढरा पडदा, ताठ मान, भेदरलेले डोळे. माणूस गेला की घरचे तेच कार्ड स्टुडिओत नेतात. तिथे चेहरा कापून मोठा केला जातो, अंगावर नवा सदरा किंवा नवे लुगडे चढवले जाते, मागे निळे आभाळ येते आणि दहाव्याच्या आत फ्रेम तयार होते. नातवंडांच्या आठवणीत तोच चेहरा राहतो. त्या चेहऱ्यात त्या माणसाचा स्वतःचा वाटा काय, हा माझा प्रश्न आहे, आणि या पद्धतीकडे मी त्या प्रश्नातून आलो.

पारोळ्याची ओळख सांगताना लोक १७२७ च्या सुमारास बांधलेला भुईकोट किल्ला सांगतात आणि झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंच्या माहेरच्या तांबे घराण्याचे नाव घेतात. राणी १८५८ मध्ये धारातीर्थी पडल्या. तोवर कॅमेरा हिंदुस्थानात येऊन बरीच वर्षे झाली होती. मुंबईत १८५४ मध्येच फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती. तरीही निर्विवादपणे राणींचा म्हणता येईल असा एकही फोटो नाही. जो एक फोटो अधूनमधून त्यांचा म्हणून फिरतो, त्याच्या खरेपणाविषयी शंका घेतल्या गेल्या आहेत. ज्यांचे नाव घराघरांत आहे त्यांच्या चेहऱ्याची ही गत, तर बोरीकाठच्या एखाद्या शेतमजूर बाईची काय असेल?

वेळ उघडा ठेवल्यावर काय होते

कॅमेरा उजेड साठवतो. डोळा तसे करत नाही. अंधाऱ्या खोलीत आपण कितीही वेळ बघत बसलो तरी चित्र उजळत जात नाही. कॅमेऱ्याच्या आत मात्र दर क्षणाचा उजेड आधीच्या उजेडात मिळत जातो. म्हणून लांब उघडिकीच्या फोटोत जे स्थिर असते ते ठळक होते आणि जे हलते ते विरून जाते. याचा सर्वांत जुना प्रसिद्ध दाखला दागेर यांनी १८३८ च्या सुमारास पॅरिसमधल्या बुलेव्हार द्यु ताँप्ल या रस्त्याचा काढलेला फोटो आहे. रस्ता वर्दळीचा, पण उघडीक काही मिनिटांची. गाड्या, घोडे, पादचारी सगळे पुसले गेले. एक माणूस बूट पॉलिश करून घेण्यासाठी पाय टेकवून उभा होता, तेवढा उमटला.

पहिली व्यक्तिचित्रेही अशीच लांब उघडिकीची होती. फिलाडेल्फियातल्या रॉबर्ट कॉर्नेलियस यांनी १८३९ मध्ये स्वतःचा फोटो काढला, तेव्हा त्यांना बराच वेळ न हलता थांबावे लागले. पुढे स्टुडिओंमध्ये बसणाऱ्याच्या डोक्यामागे लोखंडी चिमटा लावण्याची पद्धत आली. जुन्या फोटोंतली माणसे हसत नाहीत, याचे एक कारण हेही आहे की हसू इतका वेळ धरून ठेवता येत नाही. पुढे काचा आणि फिल्म जलद झाल्या, फ्लॅश आला, आणि बसणे ही गोष्ट फोटोतून हद्दपार झाली.

बॅटरीने काढलेल्या फोटोत ते बसणे परत येते, पण एका मोठ्या फरकाने. इथे पूर्ण अर्धा मिनिट पुतळा होऊन राहण्याची गरज नसते. ज्या अवयवावर त्या क्षणी उजेड आहे, तेवढाच अवयव स्थिर असला की पुरते. चेहरा उजळून झाला की मान सैल सोडली तरी चालते, कारण अंधारातली हालचाल कॅमेऱ्याला दिसत नाही.

पापणीचा हिशेबही गमतीचा आहे. माणूस मिनिटाला साधारण पंधरा ते वीस वेळा डोळे मिचकावतो, म्हणजे अर्ध्या मिनिटात आठ-दहा वेळा. पण एका वेळी पापणी मिटलेली राहते ती सेकंदाचा फार तर तिसरा-चौथा हिस्सा. डोळ्यांवरून बॅटरी दोन सेकंद फिरत असेल, तर त्यातला बहुतेक वेळ डोळे उघडेच असतात आणि चित्रात उघडेच येतात. आमच्या आजी-आजोबांना मी हे आधी सांगतो, कारण त्यांची सर्वांत मोठी धास्ती 'डोळे मिटले तर' हीच असते.

दोन जाती

उजेडाने काढण्याच्या दोन जाती वेगळ्या ओळखायला हव्यात. पहिलीत उजेडाचे तोंड कॅमेऱ्याकडे असते. हवेत फिरणारा दिवाच रेघ होऊन उमटतो. लहान मुले दिवाळीत फुलबाजी हवेत फिरवून नाव लिहितात, ते कॅमेऱ्याने टिपले की ही जात झाली. दुसरीत दिवा कॅमेऱ्याला दिसतच नाही. त्याची पाठ कॅमेऱ्याकडे असते आणि उजेड पडतो तो माणसावर.

पहिल्या जातीचा उगम कलेत नाही, प्रयोगशाळेत आहे. फ्रान्समध्ये एत्येन-ज्यूल मारे आणि त्यांचे सहकारी जॉर्ज देमनी यांनी १८८९ मध्ये माणसाच्या सांध्यांना छोटे दिवे बांधून त्याची चाल एका काचेवर टिपली. अमेरिकेत फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या दांपत्याने १९१४ च्या सुमारास कामगारांच्या हातांना बारीक दिवे लावून त्यांच्या कामाचे मार्ग उतरवले. त्या रेषांवरून ते तारेचे नमुने वाकवून घेत आणि कोणती हालचाल फुकट जाते ते कामगाराला दाखवत.

कलावंत या वाटेने जरा उशिरा आले. मॅन रे यांनी १९३५ मध्ये स्वतःचा फोटो काढताना छोट्या दिव्याने हवेत गिरगोट्या मारल्या. त्या गिरगोट्यांत त्यांची उलटी सही आहे, हे २००९ मध्ये एलन केरी या छायाचित्रकार बाईंनी आरसा धरून दाखवून दिले. तोवर कोणाच्या लक्षात आले नव्हते. १९४९ मध्ये 'लाइफ' मासिकाचे जॉन मिली फ्रान्समधल्या व्हालोरिस गावी पिकासोंना भेटले आणि त्यांच्या हाती एक छोटा दिवा दिला. पिकासोंनी अंधारात नरतुरंग, बैल, माणसे काढली. दिव्याने रेषा आल्या आणि फ्लॅशच्या एका लखलखाटात पिकासो स्वतः आले. म्हणून त्या फोटोंत चित्र आणि चित्रकार दोघेही आहेत.

दुसऱ्या जातीत माणसावर उजेड ठेवत व्यक्तिचित्र घडवण्याचे काम अमेरिकेतल्या डीन चेंबरलेन यांनी १९७७ पासून सातत्याने केले. माझे काम या दुसऱ्या जातीचे आहे. पहिली जात मी एकदाच, पण मोठ्या कारणासाठी वापरली. ते पुढे येईल.

अजिंठ्याचा धडा

ही पद्धत विलायती आहे असे कोणी म्हटले, की मला अजिंठा आठवतो. पारोळ्याहून जळगावमार्गे तिथे जायला शंभर किलोमीटरच्या वर अंतर पडते. पहिल्या लेण्यात शिरल्यावर सुरुवातीला काहीच दिसत नाही. डोळे सरावले की पद्मपाणी हळूहळू वर येतो. आज आत सौम्य विजेचे दिवे आहेत आणि फ्लॅशला बंदी आहे. पूर्वी मार्गदर्शक आरशाने बाहेरचे ऊन आत वळवत आणि भिंतीवरून फिरवत. पाहणाऱ्याला एका वेळी एकच हात दिसे, मग एक मुकुट, मग एक डोळा, आणि पूर्ण चित्र त्याला मनात जोडावे लागे. बॅटरीच्या फोटोत हेच जोडण्याचे काम कॅमेरा करतो.

पण खरा धडा चित्रातच आहे. पद्मपाणीच्या चेहऱ्यावर उजेड कोठून येतो, हे शोधायला गेलो तर उत्तर सापडत नाही. खिडकी डावीकडे आहे, दिवा उजवीकडे आहे, असा हिशेब तिथे नाही. नाकाचा दांडा वर उठतो म्हणून तिथे उजळ रंग आहे, हनुवटी वर येते म्हणून तिथे आहे, कडा मागे वळतात म्हणून त्या गडद आहेत. विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रसूत्रात अशा छटाकामाला 'वर्तना' म्हटले आहे. बॅटरीने काढलेल्या चेहऱ्यातही उजेडाला एक दिशा नसते. गालावर तो डावीकडून येतो, हातावर वरून, लुगड्याच्या काठावर जवळजवळ जमिनीलगत. तरी डोळ्याला ते खोटे वाटत नाही, कारण प्रत्येक उजेड त्या त्या आकारासाठी ठेवलेला असतो. एका सूर्याखाली उभ्या असलेल्या माणसाचा हा फोटो नव्हे. याचे नाते वर्तनेशी जवळचे आहे.

याच लेण्यांशी खानदेशाचे आणखी एक नाते आहे. ईस्ट इंडिया कंपनीने १८४४ मध्ये मद्रास लष्करातल्या रॉबर्ट गिल यांना अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्याच्या कामावर नेमले. ना. धों. महानोरांच्या 'अजिंठा' या दीर्घकवितेमुळे गिल आणि पारो मराठी वाचकांच्या ओळखीचे आहेत. गिल यांनी वर्षानुवर्षे खपून मोठमोठे कॅनव्हास रंगवले. ते लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडले होते आणि डिसेंबर १८६६ च्या आगीत बहुतेक सगळे जळाले. गिल पुढे कॅमेऱ्याकडे वळले होते. त्यांचे दुहेरी भिंगाने काढलेले फोटो १८६४ मध्ये पुस्तकरूपाने निघाले. १८७९ मध्ये ते वारले आणि भुसावळला त्यांचे दफन झाले. त्यांच्यानंतर जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा नकला केल्या. त्यांतल्याही बऱ्याच १८८५ मध्ये लंडनमध्येच जळाल्या. विसाव्या शतकाच्या शेवटी, १९९१ मध्ये, बिनॉय बहल यांनी फ्लॅश न वापरता अत्यंत कमी उजेडात या भिंतींचे रंगीत फोटो काढले. रंग भिंतीवर होतेच. झगझगीत उजेड फेकून ते कधी नीट आले नव्हते. वाट पाहिल्यावर आले.

कृती

पारोळ्यात आणि आसपास अजून काही धाब्याची घरे उभी आहेत. जाड मातीच्या भिंती, लाकडी खांब, वर मातीचे धाबे, आणि मधल्या खोलीला खिडकी नाही किंवा असली तर वीतभर. उन्हाळ्यात गारव्यासाठी बांधलेली ही खोली माझ्या कामाला फार सोयीची आहे. मातीच्या भिंती उजेड परत फेकत नाहीत. चुना दिलेल्या खोलीत बॅटरीचा उजेड भिंतीवर आपटून सगळीकडे पसरतो आणि अंधार राखाडी होतो. ज्यांच्याकडे अशी खोली नाही त्यांनी रात्री दिवे घालवून, राउटरचा आणि टीव्हीचा लाल ठिपका झाकून काम करावे.

कॅमेरा तिपाईवर घट्ट बसवायचा. आयएसओ १००, छिद्र एफ ८, उघडीक ३० सेकंद, फोकस हाताने. हल्लीच्या अनेक मोबाइलमध्येही ३० सेकंदांची सोय असते. फोकस करताना माणसाच्या डोळ्यावर बॅटरी धरायची, डोळा स्पष्ट दिसला की ती बंद करायची आणि भिंगाला पुन्हा हात लावायचा नाही. मग बॅटरी न लावता एक फोटो घ्यायचा. तो पूर्ण काळा आला पाहिजे. त्यात दाराची फट दिसली, तर ती फट पुढच्या प्रत्येक फोटोत दिसणार.

बॅटरी लहान हवी. तिच्या तोंडावर काळ्या कागदाची चारेक बोटे लांब नळी चिकटवली की उजेड आखूड आणि नेमका पडतो, आणि बल्ब कॅमेऱ्याला दिसत नाही. चेहऱ्यासाठी नळीच्या तोंडावर एक पदर पातळ कागद लावायचा, म्हणजे सुरकुत्या कापल्यासारख्या येत नाहीत. अंतराचा नियम पाठ असावा. अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाई होतो. एका फुटावरून चेहऱ्याला ४ सेकंद लागत असतील, तर दोन फुटांवरून १६ लागतील. म्हणून हात लांब करून दुरून फिरवण्यापेक्षा जवळ जाऊन थोडक्यात आटोपणे बरे.

क्रम ठरलेला असतो. आधी डोळे आणि गाल, कारण बसणारा ताजा असतो तेव्हाच मान स्थिर राहते. मग कानामागून केसांची कड, म्हणजे डोके अंधारातून सुटे होते. मग हात. शेवटी कपडे आणि मागचा खांब किंवा देवळी. हात सतत हलता ठेवायचा. एका जागी थांबला की तिथे पांढरा डाग पडतो. काढणारा स्वतः कॅमेऱ्यासमोरून जातो, तरी चित्रात येत नाही. त्याने गडद कपडे घातलेले असतात, उजेड त्याच्यावर पडत नाही आणि तो कोठेही टिकत नाही. दागेर यांच्या रस्त्यावरच्या गाड्यांसारखा तो पुसला जातो.

रंगाचाही विचार करावा लागतो. आजच्या एलईडी बॅटरीचा उजेड निळसर, साधारण ६,००० केल्विनचा असतो. जुन्या तारेच्या बल्बचा २,७०० च्या आसपास, आणि तेलाच्या दिव्याचा त्याहून खाली, १,९०० च्या जवळ. एकाच फोटोत चेहऱ्यावर जुना बल्ब आणि मागच्या भिंतीवर एलईडी वापरला तर माणूस उबदार आणि खोली गार दिसते. फिल्मच्या काळी आणखी एक अडचण होती. उघडीक लांबली की फिल्मची उजेड पकडण्याची ताकद मंदावे आणि हिशेबापेक्षा जास्त वेळ द्यावा लागे. आताच्या कॅमेऱ्यात तसे होत नाही, पण सेन्सर तापून रंगीत ठिपके येतात. ते पुसण्यासाठी काही कॅमेरे फोटोनंतर तितकाच वेळ झाकल्या डोळ्याने दुसरा, काळा फोटो घेतात आणि तो पहिल्यातून वजा करतात. अर्ध्या मिनिटाच्या फोटोला मग एक मिनिट लागते. त्या दुसऱ्या अर्ध्या मिनिटात अंधारातून हमखास प्रश्न येतो, "आते हालू का?"

मांड्याची रेघ

खानदेशात मांडे खापरावर होतात. चुलीवर मातीचे खापर पालथे घातलेले असते. पुरण भरलेला सैल कणकेचा उंडा दोन्ही हातांवर झेलत झेलत वाढवतात, तो कोपरापर्यंत येतो, आणि मग एका झटक्यात खापरावर पडतो. लाटणे नाही, पोळपाट नाही. लग्नाकार्यात मांडे करायला जाणाऱ्या एका काकूंचा फोटो काढायचे ठरले, तेव्हा मला प्रश्न पडला की यांचा चेहरा कोठे संपतो आणि हात कोठे सुरू होतात. या बाईंची ओळख सगळ्या भाऊबंदकीत हातांवरून आहे. हात स्थिर ठेवून काढलेला फोटो त्यांचा झाला नसता.

म्हणून इथे दोन्ही जाती एकत्र केल्या. त्यांच्या दोन्ही हातांतल्या बांगड्यांना घड्याळाच्या सेलवर चालणारे बारीक एलईडी बांधले. चूल चौकटीच्या बाहेर ठेवली, तिची आच फक्त एका बाजूने येत होती. छिद्र एफ १६ पर्यंत लहान केले. काकूंनी मांडा वाढवला, खापरावर टाकला आणि ठरल्याप्रमाणे हात मागे घेऊन पदराखाली झाकले. मग त्या माझ्याकडे बघत बसल्या आणि मी चेहऱ्यावरून ४ सेकंद बॅटरी फिरवली.

फोटोत चेहरा शांत आहे आणि त्याच्या समोर उजेडाच्या दोन वेटोळ्या आहेत. पहिली फेरी लिंबाएवढी, शेवटची परातीएवढी. मधल्या फेऱ्या एकसारख्या अंतराने वाढत गेलेल्या, हाताने मोजून काढल्यासारख्या. शेवटी दोन्ही रेषा एकदम खाली वळतात. तिथे मांडा खापरावर पडला. काकूंनी फोटो पाहिला आणि 'इतली वाकी मी?' एवढेच विचारले. त्यांची सून मात्र बराच वेळ पाहत राहिली. सासूचा डावा हात उजव्यापेक्षा सतत अर्धी वीत खाली राहतो, हे तिला रेषांमध्ये दिसले. ती काही वर्षे मांडे शिकत होती आणि तिचा मांडा एका कडेला फाटत असे. तिला आजवर सांगितले गेले होते ते एवढेच, की 'पाहा आणि कर'. काकूंना स्वतःलाही आपला डावा हात खाली असतो हे माहीत नव्हते.

गिलब्रेथ दांपत्याने दिव्यांच्या रेषा पाहिल्या त्या कामगाराच्या हालचाली कमी करण्यासाठी. इथे तीच युक्ती उलट कामी आली. जी हालचाल एका बाईबरोबर जाणार होती, ती कागदावर राहिली आणि घरातच दुसऱ्या हातात गेली. सुनेचे मांडे लगेच सुधारले असे मी म्हणणार नाही. पण फोटो स्वयंपाकघरात, फडताळाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे.

अंधार कोणी ठरवायचा

या पद्धतीत काढणाऱ्याच्या हाती एक सत्ता येते. जिथे तो बॅटरी नेत नाही तो भाग चित्रात अस्तित्वातच नसतो. साध्या फोटोत समोरचे सगळे येते, मग नंतर कोणी काही पुसते. इथे पुसण्याचे काम आधीच, न दिसता होऊन जाते. म्हणून सुरुवात करण्याआधी बसणाऱ्याला विचारणे मला आवश्यक वाटते, की उजेड कोठे हवा आणि कोठे नको.

उत्तरे अनपेक्षित येतात. एका आजींना चेहऱ्यापेक्षा हातावरचे गोंदण महत्त्वाचे होते. त्यात त्यांच्या माहेरचे काही होते. जुने गोंदण सावळ्या कातडीत मुरलेले असते आणि फ्लॅशमध्ये दिसत नाही. एलईडीचा निळसर उजेड तिरपा, जवळजवळ कातडीलगत नेल्यावर ते हिरवे ठिपके वर आले. दुसऱ्या एका बाईंनी फक्त कपाळावर उजेड नको म्हणून सांगितले. कारण मी विचारले नाही.

एक प्रसंग जास्त अवघड होता. जिनिंगमध्ये हयात घालवलेल्या एका आजोबांचा डावा डोळा पांढरा झालेला आहे. मुलगा मला बाजूला घेऊन म्हणाला की ती बाजू अंधारात ठेवा, फोटो चांगला आला पाहिजे, पुढे भिंतीवर लावायचा आहे. पद्धत अशी की ते अगदी सहज जमले असते, आणि जमले हे कोणाला कळलेही नसते. मी आजोबांना विचारले. ते म्हणाले, याच डोळ्याने सरकीची धूळ खाल्ली, तो का लपवायचा? मी दोन्ही डोळ्यांवर सारखाच उजेड फिरवला. पांढरा डोळा उजेड जास्त परत फेकतो, म्हणून तिथे हात जरा वेगाने नेला. एवढेच तांत्रिक कसब त्यात होते.

वृद्धांबरोबर काही पथ्ये पाळावी लागतात. घरातले कोणी तरी खोलीत असावे. बॅटरी कोठे येणार हे आधी बोलून सांगावे, कारण अंधारात अचानक डोळ्यांशी आलेला उजेड कोणालाही दचकवतो. मोतीबिंदूचे ऑपरेशन नुकतेच झाले असेल तर हे काम पुढे ढकलावे. पाठीला खांबाचा किंवा भिंतीचा आधार द्यावा. आणि तीन-चार फोटोंनंतर थांबावे. त्या अर्ध्या मिनिटात बसणारा माणूस अंधाराकडे बघत, स्वतःच्या श्वासाकडे लक्ष देत असतो. चेहऱ्यावरचा फोटोसाठीचा आव त्याला इतका वेळ टिकवता येत नाही. तो उतरतो, आणि त्यानंतर जे उरते ते चित्रात येते. आधार कार्डाच्या कॅमेऱ्याला यासाठी वेळ नसतो. त्याला फक्त ओळख पटवायची असते.

जिनिंगवाल्या आजोबांच्या फोटोची बारा बाय पंधरा इंचांची प्रत मी त्यांना दिली. तिला फ्रेमही करून दिली. पण आमच्याकडे जित्या माणसाचा फोटो भिंतीवर टांगणे अनेक घरांत अशुभ मानतात, त्यामुळे ती अजून टांगलेली नाही. वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात ठेवली आहे. पाहुणे आले की आजोबा ती स्वतः काढून आणतात, कागद सोडवतात, आणि लोकांनी पाहिली की पुन्हा गुंडाळून ठेवतात.